रायफल पाहावी घेऊन

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे वाडवडील सांगून गेले. त्यांच्या काळी कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेच्या, मालकाला शिकारीची, बोल्ट नावाचा दांडा हाताने मागेपुढे करून काडतूस भरावयाची जुनी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घेण्याची हौस सुचली नसावी, नाहीतर या म्हणीला तिसरे कलम नक्की जोडले गेले असते. माझ्या ओळखीत ही हौस अलीकडे तिघांना जडली आहे. त्यांपैकी एकाच्या खरेदीला मी साक्षीला होतो, आणि त्याच अनुभवाच्या बळावर आपल्याला चार शब्द सांगण्याचे धाडस करतो.

सर्वप्रथम, रायफल कशासाठी हवी, हा प्रश्न मनात येऊ देऊ नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाल्यापासून शिकारीची हौस बंद आहे; रात्री आपल्या सुपारीच्या बागेत उभा राहणारा गवारेडा हा तर गोव्याचा राज्यप्राणी आहे, तेव्हा त्याचे स्वागत नमस्कारानेच करावयाचे असते. उरले रानडुक्कर. ते सुरण आणि कणगी उकरून खाते ही तक्रार खरी आहे, आणि ते ऐकून कोणीही हळहळेल. परंतु १९५९ च्या शस्त्र कायद्याने पिकाच्या रक्षणासाठी जी बंदूक डोळ्यांसमोर ठेवली आहे ती ठासणीची, आणि ती पुरत नाही असे पटवून दिलेच तर फार तर दुसरी एखादी गुळगुळीत नळीची. रायफलीच्या नळीला आतून पिळाच्या खाचा असतात, त्याशिवाय ती रायफलच होत नाही. तेव्हा शेतीचे कारण लिहून रायफलीचा परवाना मागणे म्हणजे सोमवारी सासुरवाडीला जाऊन बांगडा मागण्यासारखे आहे. तरीही मागावा. शिवाय या जातीची गोळी चुकली तर किलोमीटरभर पलीकडेही जीव घेऊ शकते, आणि गोव्यात आपल्या कुळागराच्या बांधापासून किलोमीटरभर अंतरात एक वाडा, दोन देवळे आणि एक शाळा सहज मावते, हे बारीकसारीक तपशील घरच्या मंडळींना सांगून त्यांची झोप उडवू नये.

आता निवडीकडे वळू. जाणती माणसे नळी पाहतात. आपण कुळकथा पाहावी. गोव्यात जुन्या रायफलीची कुळकथा बहुधा डिसेंबर १९६१ मध्ये सुरू होते: पळता पळता एका पोर्तुगीज शिपायाने ती विकणाऱ्याच्या आजोबांच्या हाती दिलेली असते. ही कथा ऐकताना मध्येच प्रश्न विचारू नयेत. पोर्तुगीज सैन्याने १९०४ साली स्वीकारलेली माउझर-वेर्गेरु ही ६.५ मिलिमीटरची होती आणि तिचे काडतूस आज आपल्याला कोणत्या दुकानात मिळणार, हे विचारणे तर शुद्ध उद्धटपणा ठरेल. दुसरी कथा इंग्रजी सैन्यातल्या .३०३ इंची नळीच्या ली-एनफिल्ड रायफलीची. नळीचे ते माप नागरिकांना वर्ज्य आहे. सैन्याची काडतुसे बाहेर वापरता येऊ नयेत म्हणूनच तर इशापूरच्या कारखान्यात त्याच ली-एनफिल्डच्या धाटणीची, पण.३१५ म्हणजे ८ मिलिमीटरची शिकारी रायफल तयार होत आली. ‘कागदावर .३१५ आहे, पण आतून खरी .३०३ हो!’ असे कोणी कानात सांगितले, तर एवढ्या विश्वासाला आपण पात्र ठरलो याचा अभिमान बाळगावा. त्याच वाक्याचा खुलासा पुढे पोलिसांना करावा लागेल, तेव्हा हा अभिमान कामी येतो.

आमची रायफल .३१५ च होती. सत्तरी तालुक्यातल्या एका जुन्या घराच्या सोप्यावर वृद्ध मालकांनी ती कांबळ्यातून बाहेर काढली, तेव्हा प्रथम वास आला तो सोलकढीच्या स्वयंपाकघराचा.

“आजोबा, हिला तेल कोणतं लावता?” मी विचारले.

“आमच्याच माडांच्या खोबऱ्याचं. बाजारातलं तेल मी या घरात येऊ दिलेलं नाही.”

जुन्या खोबरेलात धूळ बसली की त्याचा चिकट थर होतो, आणि असे अनेक पावसाळ्यांचे थर बोल्टाखाली बसलेले असल्यामुळे तो उघडण्यास माझ्या मित्राला दोन्ही हात आणि एक गुडघा लागला. आपल्या वाट्याला असा बोल्ट आला तर ‘पकड मजबूत आहे’ असे म्हणून मान डोलवावी. आम्ही, चूक झाली, तो बोल्ट बाहेर काढला, नळीच्या तोंडाशी पांढरा कागद धरला आणि मागून आत पाहिले. चांगल्या नळीत खाचांच्या कडा धारदार दिसतात आणि उजेड चकाकत फिरत जातो. येथे पडक्या विहिरीत डोकावल्याचा भास झाला. जुन्या काडतुसांच्या टोपीतील मसाला जळला की नळीत क्षार उरतो, तो हवेतली ओल ओढून घेतो, आणि बार झाल्यावर नळी लगेच धुतली नाही तर आमच्या पावसाळ्याला गंज चढवायला आठवडाही पुरतो. आजोबांचे मत वेगळे होते. “खड्डे कसले, नक्षी आहे ती,” ते म्हणाले, आणि मित्राने ती नक्षी माझ्यापेक्षा जास्त वेळ पाहिली.

नळीच्या तोंडाची परीक्षा तर मुळीच करू नये. रिकाम्या रायफलीच्या तोंडात एक काडतूस गोळीच्या टोकाकडून हलकेच टेकवले की गोळीचा थोडा भाग आत जातो आणि बाकीचा बाहेर राहतो, हे निरोगी नळीचे लक्षण. आमची गोळी थेट पितळी गळ्यापर्यंत आत गेली. वर्षानुवर्षे मागून सळई घालण्याऐवजी पुढून लोखंडी सळई खुपसून साफसफाई केली की तोंड असे सैल होते, आणि त्या तोंडातून निघालेली गोळी कोणत्या दिशेला जाईल हे आधी सांगणे कुडाळच्या ज्योतिषालाही जमणार नाही. आपण मात्र याचा अर्थ असा घ्यावा की नळी पाहुण्यांचे मोकळेपणाने स्वागत करते.

बोल्टवर एक क्रमांक कोरलेला होता आणि रायफलीच्या अंगावर दुसराच. प्रत्येक रायफलीला तिचा बोल्ट बेतून बसवलेला असतो. परक्या बोल्टाने काडतुसाच्या मागे जास्त जागा सुटली तर बाराच्या वेळी त्याची पितळी फाटून गरम वायू नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येऊ शकतो. यावर आजोबांनी दिलेले उत्तर मी विसरणार नाही: “लग्नात कुठं नवरा-बायकोचं आडनाव आधीपासून एक असतं?”

यानंतर मित्राने सेफ्टीचा खटका चढवून चाप ओढला. काही झाले नाही. बोट काढून त्याने खटका उतरवला, आणि कोणीही चापाला हात न लावता आतला पिन आपोआप टक् करून सुटला. रायफल रिकामी होती, हे देवाचे उपकार. ही खोड असलेली रायफल भरलेली असती, तर सोप्यावर गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी टांगायचा हूक तेव्हाच खाली आला असता. आजोबांनी एवढेच सांगितले की ती फार हुशार आहे, नुसता मनातला विचार ओळखते.

दस्त्याला मागच्या बाजूस तडा होता आणि गावच्या सुताराने तो फणसाच्या लाकडाने सफाईने जोडला होता. रायफलीत निर्दोष अशी तेवढीच गोष्ट.

किमतीची घासाघीस करू नये. १९८० च्या दशकापासून परदेशी शस्त्रांची आयात आटल्यामुळे जुन्या विलायती रायफलीला सोन्याचा भाव आला, आणि आपल्या देशी रायफलीनेही तो भाव ऐकून घेतला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येऊ लागली, म्हणून तिसरे विकणारे पुष्कळ निघाले. तिघांपैकी कोणते विकायला काढले जाते, याचा विचार खरेदीच्या दिवशी करू नये. कागदपत्रांचे बोलायचे तर विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना लेखी कळवून ४५ दिवस जाऊ द्यावेत असे कायदा म्हणतो. इतक्या दिवसांत मित्राचा विचार बदलेल अशी मला आशा होती. त्याने त्या दिवसांत भिंतीवर सागवानी खुंट्या ठोकून घेतल्या.

रायफल घरी आली आणि तिसऱ्या आठवड्यात निवडणुकीची आचारसंहिता लागली. अशा वेळी शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश येतो, आणि विधानसभा, लोकसभा, जिल्हा पंचायत, ग्रामपंचायत, पालिका असा आपला वार्षिक उत्सवक्रम लक्षात घेता रायफलीला घरापेक्षा ठाण्याचीच सवय लागते. मित्र ती कांबळ्यासकट घेऊन गेला. टेबलामागच्या हवालदाराने ती उलटसुलट केली, बोल्ट ओढून पाहिला, तो हलला नाही, बोटांचा वास घेतला आणि पावतीवर वर्णनाच्या रकान्यात लिहिले: ‘रायफल एक, जुनी. लाकूड फणसाचे, चांगले.’