कंट्रोल-एफ९

भाची डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आणि मामा कॉम्प्युटरवाला, म्हटल्यावर फोन येणारच होता. "मामा, प्रॅक्टिकलला टर्बो सी आहे. माझ्या लॅपटॉपवर चालतच नाहीये."

चालणार कसं? टर्बो सी म्हणजे सी आणि सी++ भाषांतले प्रोग्रॅम लिहून चालवायचं सॉफ्टवेअर. कॉलेजात चालते ती टर्बो सी++ची ३.० आवृत्ती बोर्लंड कंपनीने काढली १९९१ साली. सगळा सोळा बिटांचा कारभार. चौसष्ट बिटांचं विंडोज तिला दारातही उभं करत नाही. त्यानंतर १९९८ साली सी++चं पहिलं अधिकृत स्टँडर्ड आलं, लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाच्या भाषेत उतरवणारे चांगले कंपायलर आता फुकट मिळतात. पण आपल्याकडच्या कित्येक कॉलेजांत निळा पडदा, पिवळी अक्षरं आणि प्रोग्रॅमच्या सुरुवातीची जुन्या वळणाची 'व्हॉइड मेन' ही ओळ अजून गादीवर आहेत. जर्नल तेच, व्हायव्हाचे प्रश्नही तेच. तेव्हा उपाय एकच, डॉसबॉक्स. हा इम्युलेटर नव्याकोऱ्या लॅपटॉपच्या पोटात बसून विंडोजच्या आधीच्या डॉस मशीनचं सोंग आणतो. आणि सोंग इतकं चोख, की त्या मशीनचे नखरेसुद्धा इमानाने वठवतो.

डॉसबॉक्स उघडला. भल्यामोठ्या स्क्रीनवर पोस्टाच्या तिकिटाएवढी खिडकी, तिच्यात झेड ड्राइव्ह. सी ड्राइव्ह नाहीच. लॅपटॉपमधलं अमुक फोल्डर म्हणजे तुझा सी ड्राइव्ह, असं त्याला 'माउंट'ची आज्ञा देऊन सांगावं लागतं. आणि खिडकी बंद केली की तो सगळं विसरतो. पुन्हा उघडली की पुन्हा सांगा. ही कटकट संपवायची तर कॉन्फिगरेशन फाइलच्या अगदी तळाशी 'ऑटोएक्झेक' नावाचा कप्पा असतो, त्यात त्या ओळी लिहून ठेवायच्या. ही फाइल विंडोजने लपवलेल्या फोल्डरात राहते.

भाचीने टर्बोचं फोल्डरच सी म्हणून माउंट केलं होतं. दिसायला बरोबर. टर्बो उघडलासुद्धा. कंपाइल केल्यावर मात्र म्हणाला, 'एसटीडीआयओ डॉट एच' ही प्रोग्रॅमला लागणारी तयार फाइल सापडत नाही. फाइल डोळ्यांसमोर! पण टर्बोच्या 'ऑप्शन्स'मधल्या 'डिरेक्टरीज'मध्ये पत्ता होता सी, त्यात टर्बोसी३, त्यात इन्क्लूड. आणि आता टर्बोसी३ स्वतःच सी होऊन बसलं होतं, मग त्याच्या आत टर्बोसी३ कुठून सापडणार? एक पायरी वर जाऊन बाहेरचं फोल्डर माउंट केलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

एवढ्यात ताई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "माउस बिघडला वाटतं." बिघडला नव्हता, डॉसबॉक्सने तो आत डांबून ठेवला होता. कंट्रोल-एफ१० दाबलं की सुटतो.

खरी मेख पुढेच होती. भाचीने मन लावून पानभर प्रोग्रॅम टाइप केला. जर्नलात छापलंय, 'रन करण्यासाठी कंट्रोल-एफ९ दाबा.' तिने दाबलं. प्रोग्रॅम गेला, टर्बो गेला, डॉसबॉक्स गेला. समोर डेस्कटॉपवरचं मांजराच्या पिल्लाचं वॉलपेपर.

टर्बोमध्ये कंट्रोल-एफ९ म्हणजे 'चालव'. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल-एफ९ म्हणजे 'खेळ खलास'. डॉसबॉक्स बाहेरच्या ओट्यावर बसलेला, त्यामुळे हाक आधी त्याच्याच कानावर पडते. तोही 'सेव्ह करू का' वगैरे विचारत नाही. जगात एवढी बटणं असताना हे दोघे नेमके एकाच जोडीवर येऊन भांडावेत, हा योगायोग मला आजही पटत नाही. तोडगा दोन प्रकारचा. एक तर कंट्रोल-एफ१ दाबून बटणांची कामं बदलणारा मॅपर उघडायचा आणि 'शटडाउन'ला दुसरं बटण द्यायचं. नाहीतर एफ२ने आधी सेव्ह करून आल्ट-आरने 'रन'चा मेनू उघडायचा. भाचीने तिसराच काढला: एफ९ वर चिकटपट्टी लावली.

ग्राफिक्सचं थोडक्यात सांगतो. चित्रं काढायच्या फाइली ठेवलेल्या बीजीआय फोल्डरच्या पत्त्यात तिने तिरकी रेघ (बॅकस्लॅश) एकेकदाच दिली होती. सी भाषेत तिरकी रेघ आणि टी म्हणजे टॅब, तिरकी रेघ आणि बी म्हणजे बॅकस्पेस. म्हणजे संगणक जिथे शोधत होता, ते गाव पृथ्वीवर नाही. रेघा दुप्पट केल्या, वर्तुळ उमटलं.

शेवटी फॅक्टोरियल, म्हणजे एकपासून दिलेल्या आकड्यापर्यंतचा गुणाकार. पाच दिले, १२० आले. सात दिले, ५०४० आले. मग हौसेने आठ दिले. उत्तर आलं, उणे २५२१६.

"मामा, हे कुठल्या सेटिंगमध्ये बदलायचं?"

"हे सेटिंग नाही गं. टर्बोचा 'इंट', म्हणजे पूर्णांक ठेवायचा डबा, दोन बाइटांचा. ३२७६७ पर्यंतच मोजतो, पुढे गेलं की थेट उण्यात. तुला हवेत ४०३२०. 'इंट'च्या जागी 'लाँग' लिही, उत्तर छापायच्या ओळीत 'पर्सेंट डी'चं 'पर्सेंट एलडी' कर."

"नको, जर्नलमध्ये 'इंट' आहे," ती लॅपटॉप मिटत म्हणाली. "आणि सर पाचचंच विचारतात."