प्राध्यापकांना तंत्रज्ञान नको असते, हे खरे नाही

नवे शैक्षणिक वर्ष जवळ आले की पुण्यातल्या महाविद्यालयांमध्ये डिजिटल अध्यापनाच्या कार्यशाळांचे पेव फुटते, आणि उद्घाटनाच्या भाषणात एक तक्रार हमखास येते की आमचे ज्येष्ठ प्राध्यापक अजून खडू-फळा सोडायला तयार नाहीत. मी बरीच वर्षे एका अनुदानित महाविद्यालयात भूगोल शिकवतो आहे आणि ही तक्रार मला अन्यायाची वाटते. ज्या कामाला लागणारा वेळ कार्यभारात कुठेच धरलेला नाही ते काम माणसे कागदापुरते करतात, आणि डिजिटल अध्यापनाचे आपल्याकडे नेमके तेच झाले आहे, असे माझे मत आहे.

वयाचा मुद्दा २०२० सालीच निकालात निघायला हवा होता. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि निवृत्तीला आलेल्या प्राध्यापकांनीसुद्धा काही आठवड्यांत ऑनलाइन तास घ्यायला सुरुवात केली. स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या उतरंडीला मोबाइल टेकवून, खाली पाठकोऱ्या कागदावर आलेख काढत शिकवणारे सहकारी मी पाहिले आहेत. शिकण्याची तयारी नसती तर हे घडलेच नसते. वर्ग पुन्हा भरू लागल्यावर मात्र त्यातले बरेचसे मागे पडले आणि ते का मागे पडले, हे विचारण्याच्या भानगडीत फारसे कोणी पडले नाही.

फ्रेड डेव्हिस या अमेरिकी संशोधकाने १९८९ मध्ये नवे तंत्रज्ञान माणसे कधी स्वीकारतात याविषयी एक प्रारूप मांडले. ते वापरायला सोपे वाटते का आणि आपल्या कामाला उपयोगी वाटते का, या दोन गोष्टी त्याने मोजल्या, आणि त्यांपैकी उपयोगीपणाचा संबंध प्रत्यक्ष वापराशी अधिक घट्ट असल्याचे त्याला आढळले. आपल्या कार्यशाळा नेमक्या उलट्या चालतात. कोणते बटण कुठे दाबायचे, हे दिवसभर शिकवले जाते. पण त्या बटणाने माझ्या विषयातला कोणता अवघड भाग सोपा होणार आहे, हे सांगणारा त्या विषयाचा माणूस व्यासपीठावर सहसा नसतोच. वाणिज्य, रसायनशास्त्र आणि मराठी शिकवणाऱ्यांना एकाच सभागृहात बसवून एकच सादरीकरण दाखवले, तर प्रमाणपत्रापलीकडे काय हाती लागणार?

उपयोग म्हणजे काय, ते माझ्या विषयातून सांगतो. पूर शिकवताना मी १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर घेतो, कारण पुण्यातल्या कित्येक घरांत त्याची आठवण अजून निघते. गूगल अर्थ प्रोवर मुठेच्या पात्रापासून शनिवार पेठेतून आत जाणारी रेषा विद्यार्थी स्वतः आखतात आणि त्या रेषेवरच्या उंचीचा आलेख काढतात. मग घरी आजी-आजोबांनी पाणी कुठवर चढल्याचे सांगितले होते ती जागा त्या आलेखावर शोधतात. कोणाचे उत्तर जुळते, कोणाचे जुळत नाही, आणि जुळत नाही तिथे खरी चर्चा सुरू होते: उपग्रहाधारित उंचीच्या माहितीत चूक किती असते, इमारतींमुळे आलेख कसा फसवतो, धरण फुटून आलेला लोंढा आणि पावसाचा पूर यांच्यात फरक काय. हे फळ्यावर होत नाही. पण या एका तासिकेच्या तयारीत माझा अख्खा रविवार जातो, आणि सोमवारी प्रयोगशाळेतले निम्मे संगणक सुरू झाले नाहीत तर पुन्हा फळ्याशीच उभे राहावे लागते.

आता हा रविवार कोणत्या रकान्यात लिहायचा? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापकाने व प्राध्यापकाने १४ तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे असते. त्याच नियमावलीत ध्वनिचित्रफिती, वाचनसाहित्य, चर्चा आणि चाचण्या अशा चार विभागांचा संपूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करणाऱ्याला २० गुण आणि संपूर्ण अभ्यासक्रमाचे ई-साहित्य करणाऱ्याला १२ गुण आहेत. म्हणजे मोठे, दाखवण्याजोगे काही केले तर पदोन्नतीच्या हिशेबात त्याची दखल घेतली जाते. रोजच्या वर्गात एखादी गोष्ट नीट समजावी म्हणून केलेली खटपट मात्र कुठल्याच हिशेबात येत नाही.

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेसाठी तिची नोंद होते खरी, पण ती कशी होते हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. प्रोजेक्टर लावायचा, अक्षांश-रेखांशासह जिओ-टॅग फोटो काढायचा, तो विभागाच्या फायलीला जोडायचा आणि प्रोजेक्टर बंद करायचा. (भूगोलाचा माणूस म्हणून अक्षांश-रेखांशांचा इतका सर्वदूर वापर पाहून मला आनंदच व्हायला हवा.)

तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांबद्दल तर कोणी बोलतच नाही. हे बहुतेक तरुण आहेत आणि तंत्रज्ञानात आमच्यापेक्षा पुष्कळ पुढे आहेत. पण त्यांना मोबदला मिळतो तो घेतलेल्या तासांचा. लॅपटॉप स्वतःचा, इंटरनेट स्वतःचे, सकाळी एका महाविद्यालयात आणि दुपारी शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि वर ध्वनिचित्रफिती बनवा असा आग्रह. त्यांनी त्या का बनवाव्यात, याचे पटण्याजोगे उत्तर माझ्याकडे नाही.

मराठी माध्यमाच्या विषयांत आणखी एक बारीक पण चिवट अडचण आहे. अनेकांच्या वर्षानुवर्षांच्या टिपणांचे टंकलेखन युनिकोडपूर्व फाँटमध्ये झालेले आहे. ती गूगल क्लासरूममध्ये चिकटवली की सगळी अगम्य चिन्हे दिसतात, आणि फाँट बदलून घेतला तरी जोडाक्षरे तपासत बसावे लागते. हे काम एखाद्या लिपिकाला किंवा विद्यार्थी-सहायकाला मानधन देऊन सहज करून घेता येईल.

माझे म्हणणे एवढेच आहे की आठवड्यातले निदान दोन तास डिजिटल तयारीसाठी कार्यभारात अधिकृतपणे धरावेत, आणि तासिका तत्त्वावरच्या अध्यापकांना त्या तासांचे पैसे मिळावेत. दुसरे काम विद्यापीठात त्या त्या विषयाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळांचे आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांत पसरलेली आहेत. स्वायत्त महाविद्यालये सोडली तर सगळीकडे अभ्यासक्रम एकच असतो, तरी प्रत्येक जण आपापल्या घरी तीच सादरीकरणे नव्याने करत बसतो. प्रत्येक विषयाचा एक सामाईक संग्रह करावा, त्यात बनवणाऱ्याचे नाव ठळक असावे आणि कोणालाही त्यात दुरुस्ती सुचवता यावी. पानशेतचा माझा सगळा पाठ, नकाशे आणि प्रश्नांसह, मी त्यात द्यायला तयार आहे. नाशिकच्या सहकाऱ्यांनी गोदावरीचा द्यावा; मला पुढच्या सत्रात तो हवाच आहे.