चौथ्या वर्षी पदवी कुठून आणायची?

लेक पाच वर्षांच्या एकात्मिक एम.एस्सी.ला. प्रवेश एकदाच, पदवी थेट शेवटी. तरी चौथ्या वर्षाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात पदवी प्रमाणपत्र हवंच! गेल्या वर्षी शेजारच्या पोराचा अर्ज यावरूनच परत आला, यंदा आमचा. कॉलेजचं पत्र जोडलं, पुन्हा परत. हर्णैहून दापोलीला खेपा, त्याही कधी? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडी शाकारून किनाऱ्यावर, घरात दमडी येत नाही, नेमकी तेव्हाच फी भरायची.

केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती एकात्मिक एम.एस्सी.लाही वर्षाला ८०,००० रुपये देते. म्हणजे असं शिक्षण असतं हे सरकारला ठाऊक आहे. मग अर्जात एक रकाना वाढवायला काय जातं हो?