जरा नोटपॅड उघडता का?

महागडा लॅपटॉप घेणं सोपं असावं. पैसे मोजायचे, खोका उचलायचा. हाल होतात ते चाळिशीत, म्हणजे चाळीस हजारांच्या आसपास. (माझ्या चाळिशीत माझे काय हाल झाले तो वेगळा विषय.) या किमतीत सगळंच थोडं थोडं मिळतं, आणि त्यातलं कुठलं थोडं आणखी थोडं असलं तरी चालेल, तेवढंच आपण ठरवायचं असतं. ते ठरवायला आमच्या घरात पावसाळ्याचा उरलासुरला भाग गेला.

माझं काम प्रुफं तपासण्याचं. पूर्वी कागदांचे गठ्ठे यायचे, आता पीडीएफ येतात. लाल पेनाची जागा लाल रेघेने घेतली, मानदुखी तीच राहिली. जुन्या लॅपटॉपची बिजागरी सुटली होती आणि पडदा उभा राहावा म्हणून मागे डाळीचा डबा ठेवावा लागे. तेही चालवून घेतलं असतं. पण त्यात विंडोज 10 होतं, त्याचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आमचा सातव्या पिढीचा. हे सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आमच्यात सोयरीक जुळवताना सात पिढ्या बघायचे. ह्याला आठवी कशाला हवी?"

भाच्याने दोन लॅपटॉप निवडून दिले. दोन्हींची नावं इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची लांबच लांब माळ होती, त्यामुळे घरात त्यांना 'काळा' आणि 'चंदेरी' म्हणायचं ठरलं. काळा साडेपंधरा इंचांच्या थोडा वर, चंदेरी चौदा इंची. चंदेरी दीड हजाराने महाग. बाकी दोघांत फरक काय, असं विचारल्यावर भाचा म्हणाला, "मामी, खूप फरक आहे." ज्याला थोडक्यात सांगता येत नाही तो असं म्हणतो.

काळ्यात प्रोसेसर होता इंटेलचा आय-थ्री, नंबर 1215यू. चंदेरीत एएमडीचा रायझन-फाइव्ह, नंबर 7520यू. सासूबाईंनी जपाची माळ न थांबवता निकाल दिला, "पाच मोठे तीनपेक्षा. सात हजार मोठे बाराशेपेक्षा. चंदेरी घे." इतका स्वच्छ विचार पुढे कोणीही केला नाही. पण भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. त्याने कागद घेतला. आय-थ्रीच्या नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे पिढी, बारावी. रायझनमध्ये पहिला आकडा वर्षाचा, सात म्हणजे 2023 ची यादी. दुसरा आकडा दर्जाचा. आणि तिसरा, तो दोन, आतल्या रचनेचा. झेन-2. ती रचना आली 2019 मध्ये.

"म्हणजे बारसं तेविसातलं आणि जन्म एकोणिसातला?" मी विचारलं.

"रचना जुनी गं मामी, चिप नवीनच आहे."

"मग काळा घेऊ?"

"काळ्यात सहा कोअर आहेत, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे हात, पण दोनच मोठे, चार छोटे. ह्यात चार, पण चारही मोठे. थ्रेड, म्हणजे एका वेळी हाताळता येणारी कामं, दोन्हीकडे आठच."

सहातले दोन मोठे आणि चार छोटे, विरुद्ध सगळेच मोठे पण चारच. सासूबाई म्हणाल्या की त्यांच्या सासरी पहिला प्रकार होता आणि काम कायम मोठ्यांवरच पडायचं. भाचा म्हणाला, "आजी, हलकी कामं छोट्यांकडेच जातात, त्यासाठीच ठेवलेत." आजीचा यावर विश्वास बसला नाही.

मग 'रॅम' आली, म्हणजे चालू कामापुरती स्मरणशक्ती. काळ्याला 8 जीबी, पण पोटात एक जागा रिकामी. पुढेमागे वाढवता येईल. चंदेरीला 16, पण ती बोर्डालाच सोल्डर केलेली. आहे तेवढी आहे, वाढवणं नाही. भाच्याचं मत काळ्याकडे झुकलं, कारण वाढवता येणारी गोष्ट केव्हाही चांगली. आम्हा दोघांना ते 'पुढेमागे' ओळखीचं वाटलं. पुढेमागे वाढवू या बोलीवर आम्ही मुलुंडला वन बीएचके घेतला होता. तो अजून वनच आहे.

आता ह्यांच्याविषयी. हे सहकारी बँकेतून निवृत्त झाले. दिवसअखेर सात रुपयांचा फरक पडला म्हणून शेवटची लोकल चुकवलेला माणूस. लॅपटॉपशी ह्यांना देणंघेणं नव्हतं. पण शेजाऱ्यांकडे त्याच चंदेरी जातीचा एक नमुना बघायला गेलो आणि ह्यांना तिथे डिस्कच्या आकड्यात तूट सापडली. जाहिरातीत 512 जीबी. पडद्यावर 476.

"छत्तीस गेले कुठे?"

शेजाऱ्यांना गेली दोन वर्षं हे लक्षातच आलं नव्हतं. ते घाबरले. विंडोजने खाल्ले असतील म्हणाले. ह्यांनी ते मान्य केलं नाही, कारण खाल्लेली जागा वेगळ्या रकान्यात दिसत होती. शेवटी भाच्याला फोन लागला. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज 1024 च्या पटीत मोजतं. माल तेवढाच, माप वेगळं. ह्यांनी कॅल्क्युलेटरवर पाचशेबारा अब्जाला तीनदा 1024 ने भागलं, उत्तर 476 च्या पुढे काही आलं, तेव्हा कुठे शेजाऱ्यांकडचा चहा प्यायले. थंड झालेला.

तिथून ह्यांना चव लागली. "बॅटरी आठ तास" असं छापलेलं दिसल्यावर हे बॅटरीची क्षमता शोधू लागले. ती वॉट-अवरमध्ये देतात: 42. बेचाळीस भागिले आठ, सव्वापाच वॉट. "अगं, आपला झिरोचा दिवा पंधरा वॉटचा होता. सव्वापाच वॉटमध्ये पडदा, पंखा आणि ते सहा कोअर?" त्यातून दोन्ही प्रोसेसरच्या माहितीत 15 वॉट लिहिलेलं निघालं. भाचा म्हणाला की तो आकडा सतत राबताना लागणारा, नुसतं वाचताना बराच कमी लागतो. हे म्हणाले, "ही काय नुसतं वाचते का?" वाचतेच की! तीस वर्षं मी नुसतं वाचतेच आहे आणि त्याचे पैसे घेते आहे. तो वाद लॅपटॉपचा राहिला नाही म्हणून इथे देत नाही.

सल्ले इथेच थांबले असते तर बरं होतं. पण मी अधूनमधून फोर्टात एका प्रकाशकाकडे जाते, आणि ठाणे लोकलच्या बायकांच्या डब्यात कुठलाही विषय एका माणसाचा राहत नाही. नाहूर यायच्या आत माझा प्रश्न सगळ्या खणात पसरला होता. भाजी निवडणाऱ्या काकूंनी सांगितलं की जावयाने घेतला तो एकदम बेस्ट आहे, कुठला ते माहीत नाही, पण निळ्या रंगाचा. आयटीतली मुलगी म्हणाली, "काकू, ग्राफिक्स कार्ड नसेल तर घेऊच नका." तिला सांगितलं की माझ्या कामात जास्तीत जास्त ग्राफिक म्हणजे पूर्णविरामाच्या जागी पडलेली माशी. ती हसली नाही. तिला विक्रोळीला उतरायचं होतं. बँकेतल्या बाई म्हणाल्या, नो-कॉस्ट ईएमआयवर घ्या, व्याज लागत नाही. व्याज सवलतीतून परत येतं, पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आपल्याच खिशातून जातो, हे मला घरच्या बँकेने आधीच सुनावलेलं होतं. तेवढ्यापुरती मी त्या डब्यात विदुषी ठरले.

त्या दिवशी मी चौथ्या सीटवर होते. चौथी सीट ज्यांनी भोगली नाही त्यांच्यासाठी सांगते: तिघींच्या बाकावर अर्धी टेकलेली ती चौथी, तिचा एक पाय संसारात आणि एक वाटेत असतो. त्या अवस्थेत मांडीवर पर्स होती आणि तीही सरकत होती. मनात काळा ठेवून बघितला. पावणेदोन किलो, शिवाय चार्जर. मग चंदेरी ठेवून बघितला. चंदेरी निदान घाटकोपरपर्यंत टिकला. एवढ्या सगळ्या आकड्यांत मला पहिल्यांदा स्वतःच्या उपयोगाचा आकडा सापडला, वजनाचा, आणि तो माहितीच्या पानावर सगळ्यात खाली, रंगाच्या शेजारी दिलेला असतो.

एका शनिवारी आम्ही दोघं दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर गेलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण पत्ता तसा विचारला तर लोक आपल्यालाच परगावचं समजतात. वायरींच्या भेंडोळ्यांतून, हातगाड्यांमधून वाट काढत दुकान गाठलं. दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी उघडून ठेवले होते. दोन्हींवर पोपट. निळा-लाल-पिवळा पोपट पंख पसरतो, मग समुद्र, मग कापलेलं कलिंगड, मग पुन्हा पोपट. दोघेही पोपट सारखेच देखणे.

"मुलासाठी पाहिजे का, मॅडम?"

"माझ्यासाठी."

"मग हा घ्या. कलर बघा किती छान."

याला उत्तर द्यायला माझ्याकडे बरंच काही होतं, पण तो चंदेरीकडेच बोट दाखवत होता आणि मला त्याची बाजू ऐकायची होती. त्याने ऐकवली. कोअर, थ्रेड, एका सेकंदात किती फायली कॉपी होतात. एक गेम चालवून दाखवला. हे त्याला तुटीच्या छत्तीस जीबींचा हिशेब विचारू लागले.

"जरा नोटपॅड उघडता का?" मी म्हटलं.

"काय?"

"नोटपॅड. दोन्हींवर."

पोपटाकडून नोटपॅडवर यायला त्याला जड गेलं. मी पर्समधला पेनड्राइव्ह काढला. त्यात पानभर मराठी मजकूर होता, अनुस्वारांनी, रफारांनी आणि अर्ध्या 'श'नी भरलेला. दोन्ही पडद्यांवर तो उघडला. मी आधी सरळ उभी राहिले, मग वाकले, मग दुकानातलं स्टूल ओढून आमच्या घरच्या शिलाई मशीनच्या उंचीला बसले, कारण माझं टेबल म्हणजे ते मशीनच. दुकानदार ह्यांच्याकडे बघू लागला. हे छताकडे.

चंदेरीवर कुठूनही बघा, अनुस्वार जागच्या जागी. काळ्यावर समोरून ठीक, पण जरा वरून बघितलं की अक्षरं फिकी पडत आणि 'मंदिर'चं 'मदिर' होई. पडदा मागे ढकलला की वरची ओळ सुधारे आणि खालची बिघडे. फोनवर भाच्याने कारण सांगितलं: काळ्याचं पॅनेल टीएन जातीचं, चंदेरीचं आयपीएस. टीएन स्वस्त पडतं, पण नजरेचा कोन बदलला की रंग उडतात. माहितीच्या पानावर काळ्यासाठी फक्त 'फुल एचडी' लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं. पोपटाला काय, अनुस्वार नसतात.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"मामी, तू विचारलंच नाहीस. तू कोअर विचारत होतीस."

मी कधीही कोअर विचारले नव्हते. पण भाचा आहे, सोडून दिलं.

चंदेरी घ्यायचं ठरलं आणि दुकानदाराचा जीव भांड्यात पडला, तो ह्यांनी लगेच बाहेर काढला. वॉरंटी सिरियल नंबरवर असते, म्हणून खोक्यावरचा, लॅपटॉपच्या पोटाखालचा आणि बिलावरचा नंबर जुळायला हवा. मी चष्मा लावून एकेक अक्षर मोठ्याने वाचू लागले, हे बिलावर पेनाने टिंब देत गेले. तीस वर्षांच्या संसारात आम्ही इतक्या एकमताने काही केल्याचं आठवत नाही. मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती. नवव्या की दहाव्या जागी खोक्यावर शून्य होतं आणि बिलावर इंग्रजी ओ.

"मॅडम, झिरो क्या, ओ क्या, एकच दिसतं."

हे त्याने माझ्यासमोर म्हणायला नको होतं.

त्याने बिल पुन्हा छापलं. या वेळी सिरियल नंबर तंतोतंत होता. पत्त्यातल्या मुलुंडमध्ये एक एल जास्त पडला होता. तो दाखवायला मी पेन उघडलं, तेवढ्यात ह्यांनी एका हाताने खोका उचलला, दुसऱ्याने माझं कोपर धरलं आणि आम्ही रस्त्यावर आलो.