माझगावचं नवीन वर्ष

आमच्या जुन्या चाळीच्या ग्रुपवर आज सकाळी कुणीतरी माझगावच्या चिनी देवळाचा फोटो टाकला. लाल मेणबत्त्या, उदबत्त्यांचा धूर, नव्या कपड्यांतली मुलं. खाली पहिलाच मेसेज, ‘यांना चीनला पाठवा.’ त्यावर अंगठेच अंगठे, आणि ते देणारी माझ्याबरोबर वाढलेली माणसं. डोकं अजून तापलेलं आहे.

अरे, कुठे पाठवणार? नवाब टँक रोडवरचं ते देऊळ १९१९ सालचं आहे. दक्षिण चीनमधल्या सी यिप भागातून आलेल्या, बंदरावर काम करणाऱ्या लोकांनी बांधलेलं. वरच्या मजल्यावर क्वान कुंग, त्यांचा न्यायाचा आणि शौर्याचा देव. आता माझगावात त्यांची मोजकीच घरं उरलीत, पण चिनी नववर्षाच्या रात्री मुंबईभरातून माणसं तिथं येतात.

आपल्या चाळीतल्या पार्लरवाल्या चिनी आंटी विसरलात? नवीन वर्षाआधी सगळं घर घासूनपुसून काढायच्या आणि त्या दिवशी मात्र झाडूला हात लावू द्यायच्या नाहीत, नशीब केराबरोबर बाहेर जातं म्हणून. लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहणाऱ्या माझ्या आईला हे कधी समजावून सांगावं लागलं नाही. लाल पाकिटातल्या कोऱ्या नोटा आपण सगळ्यांनी घेतल्यात. आज अंगठा देणाऱ्यांनीसुद्धा.

आंटींचं माहेर आसामातलं माकुम. १९६२ च्या नोव्हेंबरात, चीनशी युद्ध चालू असताना, त्यांना आईवडिलांसकट उचलून राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत नेलं. लहान होत्या त्या. असे सुमारे ३००० लोक नेले. काही तिथं १९६७ पर्यंत होते, काहींना बोटीत बसवून चीनला धाडलं. त्यांतल्या कित्येकांनी तो देश कधी पाहिलाही नव्हता. म्हणजे ‘पाठवा’ हे एकदा करून झालेलं आहे! आंटी त्यातून परत आल्या, लग्न होऊन मुंबईत आल्या, आणि आपल्या आयांच्या भुवया कोरत त्यांनी आयुष्य काढलं.

हो, गलवानमध्ये आपले २० जवान गेले, तो राग खरा आहे. पण आंटींचा त्याच्याशी काय संबंध?

कोलकात्याचे चिनी लोक नववर्षाला बजबजजवळच्या अछीपूरला जातात. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात तिथं साखरेचा कारखाना काढणाऱ्या टाँग अछूची समाधी आहे. त्याच्या नावावरून गावाचं नाव पडलं. इतकी जुनी ही माणसं. आणि त्यांचं पंचांगही आपल्यासारखंच, चंद्रावर चालणारं, अधिक महिना धरणारं. पौष नाहीतर माघाच्या अमावास्येच्या आसपास त्यांचं वर्ष उजाडतं.

मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सुट्टी असते आणि चिनी नववर्षालाही. तिथल्या मराठी माणसाला गणपती बसवला म्हणून कुणी ‘परत जा’ म्हटलं, तर आपण इथं बसून किती पेटून उठू! मग तोच न्याय आंटींना का नाही?

त्यांची मुलगी त्या ग्रुपवर होती. दुपारी ती गप्प बाहेर पडली. मी फोन केला तर म्हणाली, ‘ताई, राहू दे गं, सवय आहे.’ मला त्या ‘सवय आहे’चाच जास्त त्रास होतोय.

पुढच्या वर्षी त्या रात्री मी देवळात जाणार आहे, तिच्याबरोबर. ती हो म्हणालीय. चाळीतलं कुणी येणार असेल तर डॉकयार्ड रोड स्टेशनबाहेर भेटू. मेणबत्त्या मी आणते.