अजून काही गोळ्या चालू आहेत का?

आज औषधांच्या काउंटरवर माझ्या पुढचा माणूस आतल्या मुलीवर असा काही डाफरला की माझं डोकं अजून तापलेलंच आहे. तिचा गुन्हा काय? त्याने गुडघेदुखीसाठी आयब्युप्रोफेन मागितली आणि तिने विचारलं, "हृदयाची काही औषधं चालू आहेत का?" झालं! "मागितली ती गोळी द्या, डॉक्टर बनू नका!"

अरे, औषधांचंच शिक्षण घेऊन उभी आहे ती तिथे! रोज ॲस्पिरिन घेणाऱ्याने वर आयब्युप्रोफेन घेतली, तर रक्ताची गुठळी होऊ न देण्याचं ॲस्पिरिनचं काम ती अडवू शकते. पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो तो वेगळाच. हृदय कमजोर असेल तर अंगात पाणी साठतं. हे सगळं त्या एका प्रश्नामागे होतं. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्हाला पटलेलंच असणार.

मला मात्र बाबांच्या त्या दोन स्ट्रिप्स आठवल्या.

अटॅकनंतर बाबा घरी आले ते गोळ्यांची लांबलचक यादी घेऊन. बाबा भारी शिस्तीचे. रक्तदाबाची जुनी गोळीही त्यांनी चालूच ठेवली, कारण "ती बंद करा असं कुणी म्हणालं नाही." आठवडाभरात चक्कर सुरू. उठले की भिंत धरायचे. आम्ही आपले म्हणतोय, अशक्तपणा असेल, एवढं मोठं दुखणं झालंय.

गोळ्या संपत आल्या म्हणून मी जुन्या गोळीची आणि यादीतल्या नव्या गोळीची अशा दोन्ही स्ट्रिप्स घेऊन औषधांच्या दुकानात गेले. तिथल्या काकांनी त्या उलट्या केल्या, शेजारी शेजारी ठेवल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि चंदेरी कागदावरच्या मुंगीएवढ्या अक्षरांवर नख टेकवलं. इथेही मेटोप्रोलॉल, तिथेही मेटोप्रोलॉल. कंपन्या दोन, नावं दोन, औषध एकच, रक्तदाब आणि हृदयाचे ठोके कमी करणारं. "दोन्ही घेतात का हो?"

आणि मी काय म्हणाले? "डॉक्टरांनी लिहिलंय ना, द्या लवकर." हो, मीच. आज त्या माणसाच्या नावाने बोटं मोडणारी.

काका चिडले नाहीत. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. मी घाबरून "दोन्ही बंदच करते" म्हटलं, तर म्हणाले, "एकदम तोडायची नाही ही गोळी, दुखणं उलटतं." डॉक्टरांनी एकच चालू ठेवायला सांगितली. काही दिवसांत भिंत सुटली.

चिठ्ठीकडे न बघता गोळ्या हातात कोंबणारेही असतात, ठाऊक आहे. पण हृदयाचे डॉक्टर आपली चिठ्ठी बघतात, साखरेचे आपली, हाडांचे आपली. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र येतात त्या याच काउंटरवर. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळी, बसवलेला माणूस "आता बरं वाटतंय" म्हणत गुठळी होऊ न देणारी क्लोपिडोग्रेल मनानेच सोडतो, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते हे त्याच्या गावीही नसतं. महिन्याची गोळी न्यायला तो आलाच नाही, हे आधी कळतं ते इथे. मग विचारू द्या ना त्यांना!

तो माणूस पाय आपटत गेला. माझा नंबर आला तेव्हा त्या मुलीचा आवाज पार बसला होता. तरी तिने विचारलंच, "अजून काही चालू आहे का?"

मी बाबांची अख्खी यादी वाचून दाखवली, डोसासकट. मागे रांग कुरकुरत होती. कुरकुरू दे.