ठाण्याच्या उन्हाळ्यात ॲक्सोलॉटलच्या टाकीवरचा पंखा का पुरला नाही

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. ठाण्यातला आपला ॲक्सोलॉटल (आयुष्यभर पाण्यातच राहणारा, सॅलॅमँडर जातीचा उभयचर) गेल्या मे महिन्यात दगावला याचे मला मनापासून वाईट वाटते. टाकीवर पंखा लावला, गोठवलेल्या बाटल्या टाकल्या, तरी पाणी 27 अंशांखाली उतरले नाही, शेवटी शेवटी त्याने खाणे सोडले आणि त्याचे कल्ले पुढच्या बाजूला वळले, असे आपण लिहिले आहे. चिलर, म्हणजे टाकीचे पाणी गार करणारे यंत्र, घेण्याची ऐपत नसेल त्याने हा प्राणी पाळणे म्हणजे क्रूरपणा आहे आणि स्वस्त उपाय सांगणारा माझा लेख मी काढून टाकावा, असा आपला निष्कर्ष आहे. पाण्याचे तापमान राखता येत नसेल तर हा प्राणी घरी आणू नये, इथपर्यंत मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. लेख मात्र मी काढणार नाही, कारण पंखा ठाण्यात का पुरला नाही हे नीट समजल्याशिवाय चिलर विकत घेणाऱ्याचाही प्राणी वीज गेलेल्या एखाद्या दुपारी दगावू शकतो.

ॲक्सोलॉटलला 16 ते 18 अंशांचे पाणी मानवते, 20 पर्यंत त्याला त्रास होत नाही, आणि 24 च्या वर सलग काही दिवस गेले तर तो आजारी पडू लागतो. पाणी तापले की त्याच्या शरीराचे सगळे व्यवहार वेगाने चालतात आणि प्राणवायूची गरज वाढते. नेमक्या त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू कमी होतो. 18 अंशांच्या पाण्यात एका लिटरमागे साधारण साडेनऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 28 अंशांच्या पाण्यात पावणेआठच्या आसपास. त्यात बुरशी आणि जिवाणू फोफावतात, शिवाय प्राण्याच्या उत्सर्जनातून पाण्यात साठणारा अमोनिया तेवढाच असला तरी त्याचा विषारी भाग गरम पाण्यात वाढतो. आपण वर्णन केलेली लक्षणे याच क्रमाने येतात, आणि खाणे सुटेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

हा प्राणी मूळचा मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्को आणि चाल्को या सरोवरांतला. सोचिमिल्को आणि ठाणे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, 19 अंशांच्या थोडे उत्तरेला. सूर्य दोन्हीकडे सारखाच चढतो, पण सोचिमिल्को समुद्रसपाटीपासून सुमारे 2240 मीटर उंचीवर आहे आणि ठाणे खाडीच्या काठी. त्या उंचीवरची गार हवा आपल्याकडे नाही, म्हणून ती कशाने तरी भरून काढावी लागते.

पंखा ती भरून काढतो बाष्पीभवनाने. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता निघून जाते, आणि 100 लिटरची टाकी एका अंशाने उतरवायला 100 किलोकॅलरी लागतात. म्हणजे साधन दुबळे नाही. पण त्याला एक तळ आहे. तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळून त्यावर वारा घातला की पारा जिथे येऊन थांबतो, त्याच्या खाली कोणताही पंखा पाणी नेऊ शकत नाही. माठातले पाणी मे महिन्यात गारेगार होते आणि श्रावणात होत नाही, त्याचे कारण हेच आहे. मूळ लेख मी नाशिकच्या उन्हाळ्यावर लिहिला होता. इथे दुपारी खोलीत 32 अंश तापमान आणि तेहतीस टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असते, आणि हा तळ 20 ते 21 अंशांवर येतो. टाकीचे पाणी त्याच्या एक-दोन अंश वर थांबते आणि रात्रीची हवा उरलेले काम करते. ठाण्यात मे महिन्यात 33 अंश आणि सत्तर टक्के आर्द्रता धरली तर हाच तळ 28 अंशांच्या वर जातो. आपले पाणी 27 वर अडले होते ते बाटल्यांमुळे. पंखा त्या वेळी पाणी गार करत नव्हता, उलट तापवत होता. इतक्या दमट हवेत बाष्पीभवनाने जेवढी उष्णता निघून जाते त्याहून जास्त उष्णता पंख्याची गरम हवा पाण्याला देते, म्हणून कोकणपट्टीच्या उन्हाळ्यात उघड्या टाकीवर पंखा फिरवणे हे नुकसानच आहे.

विदर्भातल्या वाचकांसाठी इथेच एक गोष्ट सांगून ठेवते, कारण तिकडचे बरेच जण कूलर असलेल्या खोलीत टाकी ठेवतात. नागपुरात 42 अंश आणि वीस टक्के आर्द्रता असताना हा तळ 24 अंशांच्या आसपास असतो. कूलर खोलीतली हवा गार करतो ती तिच्यात ओलावा घालूनच, त्यामुळे तळ आहे तिथेच राहतो. कूलरच्या खोलीत टाकीवर वेगळा पंखा लावून दुसऱ्यांदा फायदा मिळत नाही. कोरडी हवा असूनही भर उन्हाळ्यात नागपूरला निव्वळ पंख्यावर हा प्राणी ठेवता येणार नाही.

आता स्वस्त उपायांतला जो उपाय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्याकडे आपल्या प्रतिक्रियेत लक्ष गेलेले दिसत नाही. पाणी गार करण्याआधी उष्णता आत येऊ न देणे, हा तो उपाय. शंभर लिटरच्या उघड्या काचेच्या टाकीत, खोली 32 अंशांवर आणि पाणी 19 वर असताना, बाजूंच्या आणि तळाच्या काचांमधून माझ्या ढोबळ हिशोबाने दिवसाला सुमारे 1200 किलोकॅलरी उष्णता आत शिरते. फ्रीझरमधला एक किलो बर्फ वितळून 20 अंशांवर येईपर्यंत साधारण 110 किलोकॅलरी शोषतो. म्हणजे नुसत्या काचांशी झुंजायला रोज दहा-अकरा किलो बर्फ हवा, आणि तो कोणत्याही घरातल्या फ्रीजच्या आवाक्याबाहेरचा आहे. हीच टाकी तळाखाली आणि चारही बाजूंनी एक इंची थर्माकोलने झाकली तर उष्णतेचा शिरकाव साधारण एक चतुर्थांशावर येतो. थर्माकोल काचेला अगदी भिडवावा, कोपऱ्यांच्या फटी रुंद चिकटपट्टीने बंद कराव्यात, आणि पुढची पाटी वरच्या कडेला पट्टी लावून दारासारखी उघडती ठेवावी. दमट हवेत फट राहिली तर काचेवर दव धरते आणि खाली ओघळते. ओघळ दिसला की फट कुठे आहे ते कळते. वरही थर्माकोलचेच झाकण हवे, त्याला एअर पंपाच्या नळीपुरती खाच ठेवावी.

दुसरी उष्णता आपण स्वतःच आत ठेवलेली असते. पाण्यात बुडवलेला वीस वॉटचा फिल्टर आपली सगळी वीज शेवटी उष्णतेच्या रूपात पाण्यालाच देतो, आणि दिवसभरात ती जवळजवळ चार किलो बर्फ खाते. त्याच्या जागी स्पंज फिल्टर आणि टाकीबाहेर ठेवलेला लहान एअर पंप वापरला तर हा भार जवळजवळ नाहीसा होतो. ॲक्सोलॉटलला फार जोराचा प्रवाह सोसतही नाही, त्यामुळे हा बदल त्याच्या सोयीचाच आहे. दिवाही काढून टाकावा. त्याला पापण्या नाहीत आणि उजेड त्याला नको असतो.

गोठवलेल्या बाटल्यांबद्दलचा आपला आक्षेप मला अर्धा पटतो. दोन लिटरची बाटली वीस-तीस लिटरच्या टबात टाकली तर पाणी एकदम खाली जाते आणि काही तासांत पुन्हा वर चढते, आणि ही घसरगुंडी दिवसातून दोनदा झाली तर प्राणी खचतो. पण झाकलेल्या शंभर लिटरच्या टाकीत एक लिटरच्या बाटलीने पाणी हळूहळू एखाद्या अंशाने उतरते, यात धोका नाही. बाटली घट्ट बंद असावी आणि बर्फाचे खडे थेट पाण्यात टाकू नयेत, कारण नळाच्या पाण्यातले क्लोरिन त्यांच्यासोबत येते. वीज बराच वेळ गेली तर मासळी बाजारात मिळणारी जाड थर्माकोलची पेटी फार कामाची ठरते: आत दहा-पंधरा लिटर पाण्याचा टब, शेजारी एक गोठवलेली बाटली आणि वर झाकण. टबातले पाणी टाकीच्याच तापमानाचे आणि क्लोरिन काढलेले असावे, आणि ते रोज पूर्ण बदलावे, कारण तिथे अमोनिया शोषायला फिल्टर नसतो.

चिलर उत्तम साधन आहे. तीस-चाळीस हजारांचा चिलर, असे आपण लिहिता; तो उघड्या टाकीला जोडला तर ठाण्यात तो क्वचितच थांबेल, आणि वीज गेली की तासागणिक पाणी तापेल. झाकलेल्या टाकीला जोडला तर कमी चालेल आणि वीज नसतानाही अवधी मिळेल. म्हणून चिलर घेणाऱ्यांनाही मी आधी थर्माकोलच सुचवते.

ठाण्यात चिलरशिवाय मला एकच मार्ग विश्वासार्ह वाटतो, आणि तोही ज्यांच्या झोपण्याच्या खोलीत एसी रात्री तसाही चालतो त्यांच्याचसाठी. एसी हवा गार करतो त्याबरोबर कोरडीही करतो. 26 अंश आणि पन्नास टक्के आर्द्रतेच्या खोलीत तो तळ 19 अंशांच्या आसपास उतरतो, त्यामुळे रात्री झाकण काढून लावलेला लहान पंखा पाणी 21 पर्यंत आणू शकतो. सकाळी एसी बंद करण्याआधी पंखा थांबवावा आणि झाकण लावावे. झाकलेली टाकी दिवसभरात साधारण दोन अंश चढते, तेवढे भरून काढायला एकेक लिटरच्या दोन बाटल्या पुरतात. वाफ झालेल्या पाण्याच्या जागी आरओचे पाणी घालावे, नाहीतर क्षार साठत जातात, आणि आठवड्याचे पाणी बदलणे चुकवू नये.

पुन्हा असा प्राणी आणावा का, असे आपण शेवटी विचारले आहे. यंदा आणू नका. पुढच्या मे महिन्यात टाकी वर सांगितल्याप्रमाणे झाकून, पाणी भरून, प्राण्याशिवाय पंधरा दिवस चालवा आणि सकाळ, दुपार, रात्र अशा तीन वेळी तापमान लिहून ठेवा. एकाही दुपारी पाणी 22 च्या वर गेले तर हा प्राणी आपल्या घरात नको, किंवा मग चिलर हवा. आकडे खाली राहिले तर आणा, आणि आणल्यावर 2024 च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर त्याची नोंदणी करा, कारण ॲक्सोलॉटल सायटिसच्या, म्हणजे वन्य जीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. ते आकडे मला इथे कळवलेत तर मी ठाण्याच्या टाकीचा तक्ता म्हणून मूळ लेखात जोडेन.